विश्लेषण : गणवेशावर पंख, पण कागदावर नोंद नाही! माजी सैनिकाला लष्करी नोंदीत दुरुस्ती कशी मिळते?

निवृत्तीनंतर वीस-पंचवीस वर्षांनी एखादा माजी सैनिक आपले डिस्चार्ज बुक किंवा सेवेचा दाखला नीट वाचतो आणि त्यात एक ओळ कमी असल्याचे त्याच्या लक्षात येते. अभ्यासक्रम पूर्ण झालेला असतो, उड्डाणे झालेली असतात, गणवेशावर विमानचालनाचा बिल्ला लावून काढलेले छायाचित्रही घरात असते. पण नोंदीत त्या बिल्ल्याचा उल्लेखच नसतो. अशा मागण्या ऐकण्यासाठी अमेरिकेत पाऊणशेहून अधिक वर्षांपासून कायद्याने नेमलेली मंडळे आहेत. भारतात असे स्वतंत्र मंडळ नाही, पण दाद मागण्याचा मार्ग आहे. वसई-विरारमधील माजी सैनिकाने किंवा त्याच्या कुटुंबाने सुरुवात कुठून करावी, कोणते कागद जमवावेत आणि किती घाई करावी, याचा हा आढावा.

बिल्ला आणि पदक यांत फरक काय?

सैनिकाच्या छातीवर दिसते ते सगळे पदक नसते. पदक शौर्यासाठी, एखाद्या मोहिमेतील सहभागासाठी किंवा प्रदीर्घ सेवेसाठी मिळते. 1971 च्या युद्धात पूर्व आघाडीवरील सैनिकांना ‘पूर्वी स्टार’ आणि पश्चिम आघाडीवरील सैनिकांना ‘पश्चिमी स्टार’ मिळाला, तो या प्रकारातला. बिल्ला मात्र अर्हता सांगतो. अमुक प्रशिक्षण पूर्ण केले, अमुक काम करण्याची पात्रता मिळवली, एवढाच त्याचा अर्थ. डाव्या खिशाच्या वर लावले जाणारे ‘विंग्ज’ म्हणजे पंख हा त्यातला सर्वांत मानाचा बिल्ला. हवाई दलाच्या परंपरेत वैमानिकाच्या बिल्ल्याला दोन पंख असतात. नेव्हिगेटर, फ्लाइट इंजिनिअर, सिग्नलर, गनर अशा इतर उड्डाण-कर्मचाऱ्यांच्या बिल्ल्यावर एकच पंख आणि कामाचे आद्याक्षर असे.

लष्कराचेही स्वतःचे वैमानिक आहेत आणि त्यांचे प्रशिक्षण आपल्याच राज्यात होते. नाशिक येथील लष्कराच्या विमानचालन प्रशिक्षण संस्थेत (कॅट्स) प्रशिक्षण पूर्ण झाल्यावर हे पंख प्रदान केले जातात. 25 मे 2022 रोजी कॅप्टन अभिलाषा बराक यांना येथेच पंख मिळाले आणि त्या लष्कराच्या पहिल्या महिला लढाऊ हेलिकॉप्टर वैमानिक ठरल्या. असा समारंभ साऱ्या देशाला दिसतो. पण सेवेच्या दृष्टीने खरी घटना घडते ती त्यानंतर, जेव्हा कोणी तरी कारकून ती अर्हता आदेशात छापतो आणि नोंदपत्रावर चढवतो. ही पायरी चुकली तर पंख छातीवर राहतात, कागदावर येत नाहीत.

नोंद नेमकी चुकते कुठे?

भूदलात जवानाच्या सेवेतील प्रत्येक बदल, म्हणजे बढती, बदली, विवाह, अपत्यजन्म, अभ्यासक्रम, हा ‘पार्ट टू ऑर्डर’मध्ये प्रसिद्ध होतो. युनिटने काढलेला हा आदेश अभिलेख कार्यालयात जातो आणि त्यावरून जवानाच्या मुख्य कागदांत नोंद होते. हवाई दलात हेच काम ‘पर्सोनेल ऑकरन्स रिपोर्ट’ म्हणजे ‘पीओआर’ करतो. या साखळीत तीन कड्या आहेत: युनिट, आदेश आणि अभिलेख कार्यालय. अभ्यासक्रम संपता संपता बदली झाली, जुन्या युनिटला वाटले नवे युनिट आदेश काढेल आणि नव्याला वाटले जुन्याने काढला असेल, तर नोंद मध्येच राहून जाते.

दुसरे कारण संघटनेतील बदलांचे. तोफखान्याच्या तोफांचे गोळे कुठे पडतात हे आकाशातून पाहून मार्गदर्शन करणारी पहिली भारतीय ‘एअर ओपी’, म्हणजे हवाई निरीक्षण तुकडी ऑगस्ट 1947 मध्ये उभी राहिली. पुढे जवळजवळ चार दशके लष्कराचे उड्डाण तोफखान्याशी जोडलेले होते. स्वतंत्र ‘आर्मी एव्हिएशन कोअर’ 1 नोव्हेंबर 1986 रोजी स्थापन झाली. समजा, एखाद्याने 1983 मध्ये एअर ओपीत काम केले आणि 1987 मध्ये तो तोफखान्यातूनच निवृत्त झाला. त्याच्या सेवेचा उड्डाणाचा भाग एका संघटनेच्या नावावर, निवृत्तीचे कागद दुसऱ्या ठिकाणी आणि आज तो ज्या बिल्ल्याबद्दल विचारतो त्याचे नाव, नियम त्या वेळेपेक्षा वेगळे, असे होऊ शकते.

अमेरिकेत काय पद्धत आहे?

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकी सैनिकांच्या नोंदींतील चुका दुरुस्त करण्यासाठी संसदेत खासगी विधेयके येऊ लागली. एकेका सैनिकासाठी एकेक विधेयक मंजूर करत बसण्यापेक्षा संसदेने 1946 च्या कायद्याने हे काम सैन्यदलांच्या खात्यांकडे सोपवले. त्यातून ‘लष्करी नोंद दुरुस्ती मंडळे’ तयार झाली. मंडळावर गणवेशधारी अधिकारी नसतात, नागरी कर्मचारी असतात. ‘डीडी 149’ हा अर्ज भरायचा आणि सोबत पुरावे जोडायचे, एवढी साधी सुरुवात. चूक लक्षात आल्यापासून तीन वर्षांत अर्ज करावा असा नियम आहे, पण न्यायाच्या दृष्टीने योग्य वाटल्यास मंडळ विलंब माफ करू शकते.

विमानचालनाच्या बिल्ल्याचे अर्ज हा या मंडळांपुढचा नेहमीचा विषय. अमेरिकी लष्करात पूर्वी ‘एअरक्राफ्ट क्रू मेंबर’ नावाचा बिल्ला होता. 2000 मध्ये त्याचे नाव ‘एव्हिएशन बॅज’ झाले. जुन्या सैनिकाला कोणता बिल्ला लागू होतो, त्याच्या काळात नियम काय होता, तो खरोखर उड्डाण-कर्मचारी म्हणून नेमला होता की केवळ दुरुस्तीच्या कामावर होता, हे प्रश्न तिथे निर्णायक ठरतात.

मंडळाची एक भूमिका भारतीय माजी सैनिकानेही ध्यानात ठेवावी. मंडळ सुरुवातीला असे गृहीत धरते की सरकारी नोंद बरोबर आहे. ती चुकीची आहे हे दाखवण्याची जबाबदारी अर्जदाराची. ‘मी उडालो होतो’ हे सांगणे पुरत नाही. त्या काळातला आदेश, उड्डाण भत्त्याची नोंद किंवा लॉगबुक लागते.

तिथेही सगळे सुरळीत नाही. 12 जुलै 1973 रोजी सेंट लुईस येथील अभिलेखागाराला लागलेल्या आगीत 1 कोटी 60 लाख ते 1 कोटी 80 लाख सैनिकांच्या फायली जळाल्या. 1912 ते 1960 या काळात अमेरिकी लष्करातून बाहेर पडलेल्यांचे सुमारे 80 टक्के कागद त्यात गेले. त्यानंतर वेतनपत्रके, रुग्णालयाच्या नोंदी, युनिटचे अहवाल अशा आडवाटेच्या कागदांवरून सेवा पुन्हा जुळवावी लागली.

भारतात अर्ज कुठे करायचा?

पहिला अर्ज न्यायालयात नाही, अभिलेख कार्यालयात करायचा. कोणते कार्यालय, हे दल आणि हुद्द्यावर ठरते. तोफखान्याच्या जवानांचे अभिलेख कार्यालय नाशिक रोड कॅम्पमध्ये आहे आणि आर्मी एव्हिएशनच्या जवानांनाही नाशिक रोडकडेच पाहावे लागते. हवाई दलाच्या एअरमनसाठी दिल्लीतील सुब्रतो पार्क येथील ‘एअर फोर्स रेकॉर्ड ऑफिस’ आहे. नौसैनिकांसाठी ‘कमोडोर ब्युरो ऑफ सेलर्स’ हे कार्यालय मुंबईत मानखुर्दच्या चीता कॅम्पमध्ये आहे. वसई-विरारकरांना तेच सर्वांत जवळचे. अधिकाऱ्यांच्या नोंदी मात्र संबंधित दलाच्या दिल्लीतील मुख्यालयाकडे असतात.

अर्जात तीन गोष्टी स्पष्ट हव्यात: सेवा क्रमांकासह सेवेचा थोडक्यात तपशील, नेमकी कोणती नोंद राहिली आहे आणि ती कोणत्या पुराव्यावरून करावी. ‘माझ्यावर अन्याय झाला’ अशी चार पाने लिहिण्यापेक्षा ‘अमुक अभ्यासक्रम, अमुक संस्था, अमुक कालावधी, आदेशाची प्रत जोडली आहे’ ही चार ओळींची मांडणी अधिक उपयोगी पडते. अर्ज नोंदणीकृत टपालाने पाठवून पोच जपून ठेवावी. पुढे मुदत मोजताना तीच पोच कामी येते. पत्रव्यवहारासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाची मदत घेता येते. केंद्राच्या ‘सीपीग्राम्स’ या ऑनलाइन तक्रार व्यवस्थेवरही माजी सैनिक कल्याण विभागाकडे गाऱ्हाणे मांडता येते.

आपल्याकडे पुरावाच नसेल तर?

अशा वेळी माहिती अधिकार कायदा, 2005 उपयोगी पडतो. शुल्क 10 रुपये आणि उत्तराची मुदत 30 दिवस. स्वतःच्या सेवेच्या कागदांच्या प्रती मागणे हा सर्वांत सरळ उपयोग. प्रश्न विचारण्यापेक्षा कागद मागावा. ‘मला बिल्ला का दिला नाही?’ या प्रश्नाला उत्तर मिळेलच असे नाही. ‘माझ्या सेवा क्रमांकाच्या अभ्यासक्रमविषयक सर्व पार्ट टू ऑर्डरच्या प्रती द्या’ ही मागणी मात्र नेमकी आहे. उत्तर आले नाही किंवा पटले नाही तर 30 दिवसांत पहिले अपील आणि त्यानंतर 90 दिवसांत केंद्रीय माहिती आयोगाकडे दुसरे अपील करता येते.

पुराव्यांमध्येही उतरंड असते. सर्वांत वजनदार म्हणजे त्या काळात निघालेला आदेश. त्याखालोखाल वरिष्ठांच्या सहीचे उड्डाण लॉगबुक, अभ्यासक्रमाचे प्रमाणपत्र आणि उड्डाण भत्ता दाखवणाऱ्या वेतननोंदी. वैद्यकीय तपासणीचे कागदही उपयोगी ठरू शकतात, कारण उड्डाणासाठीची तंदुरुस्ती वेगळी तपासली जाते. सोबत्यांची प्रतिज्ञापत्रे आणि छायाचित्रे शेवटी येतात. ती एकटी निर्णायक ठरणे कठीण, पण कागदी पुराव्याला आधार देतात.

घाई कशासाठी? 25 वर्षांचा नियम काय आहे?

हा या विषयातला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत कमी माहीत असलेला भाग. लष्कराच्या नियमावलीनुसार पेन्शन न मिळालेल्या जवानांचे सेवेचे कागद 25 वर्षे जपले जातात आणि नंतर नष्ट केले जातात. कायम राहते ती ‘लाँग रोल’ ही नोंदवही. तिच्यात सेवा क्रमांक, नाव, भरती आणि सेवामुक्तीची तारीख असा मोजकाच तपशील असतो. जवानाला सेवा-पेन्शनसाठी साधारणपणे 15 वर्षांची सेवा लागते. त्याआधीच बाहेर पडलेल्यांना हा नियम लागू पडतो. सत्तरच्या दशकात सेवा सोडून गावी परतलेल्या अशा जवानाच्या अर्जाला ‘मुदत संपल्याने कागद नष्ट करण्यात आले’ असे एका ओळीचे उत्तर येऊ शकते.

म्हणूनच घरातला कागद मोलाचा ठरतो. सरकारी प्रत नष्ट झाल्यावर घरच्या पेटीतले डिस्चार्ज बुक हीच कदाचित एकमेव प्रत उरते. वसई-विरार पट्ट्यात तर पावसाळ्याचा धोकाही आहे. जुलै 2018 मध्ये नालासोपारा, वसई परिसर पाण्याखाली गेला, रेल्वे बंद पडली, तळमजल्यावरच्या घरांत पाणी शिरले. लोखंडी पेटी असे पाणी अडवत नाही. डिस्चार्ज बुकचे प्रत्येक पान, कोरे वाटणारेसुद्धा, फोनने स्पष्ट टिपून मुलांच्या ई-मेलवर पाठवून ठेवणे हा आजचा सर्वांत स्वस्त विमा आहे.

अर्ज फेटाळला किंवा उत्तरच आले नाही तर?

त्यानंतरचा टप्पा सशस्त्र दल न्यायाधिकरणाचा. 2007 च्या कायद्याने स्थापन झालेल्या या न्यायाधिकरणाचे उद्घाटन तत्कालीन राष्ट्रपती प्रतिभा पाटील यांच्या हस्ते 8 ऑगस्ट 2009 रोजी झाले. महाराष्ट्र, गोवा आणि गुजरातसाठी मुंबईत खंडपीठ आहे. सेवेसंबंधी बाबींच्या कायद्यातील व्याख्येत प्रशिक्षणाचा स्पष्ट उल्लेख आहे आणि ‘इतर कोणतीही बाब’ अशी मोकळी जागाही आहे. निवृत्तांना, तसेच त्यांच्या अवलंबितांना आणि वारसांनाही सेवेसंबंधी बाबींत तिथे दाद मागता येते. वकील देता येतो किंवा स्वतः उभे राहून बाजू मांडता येते.

मुदतीचे गणित असे: निवेदन देऊन सहा महिने उलटले आणि निर्णय आला नाही, तर न्यायाधिकरणाचे दार उघडते. नकार आला तर त्या तारखेपासून सहा महिन्यांत अर्ज करावा. उशिराचे पुरेसे कारण असेल तर न्यायाधिकरण तो माफ करू शकते.

इथे पेन्शन आणि बिल्ला यांच्या प्रकरणांत मोठा फरक पडतो. पेन्शन चुकीची मिळत असेल तर ती चूक दर महिन्याला नव्याने होते. 2008 मधील तरसेम सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने अशी सततची चूक असल्यास विलंब आड येत नाही, मात्र थकबाकी साधारण तीन वर्षांपुरती मर्यादित राहते, असे तत्त्व मांडले. बिल्ल्याची नोंद राहणे ही एकदाच घडलेली चूक आहे. तिला या तत्त्वाचा आधार घेणे अवघड. जुन्या प्रकरणात पुन्हा पुन्हा निवेदने दिल्याने मुदत नव्याने सुरू होत नाही, असेही सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी सांगितले आहे. म्हणजे बिल्ल्यासाठी उशीर अधिक महाग पडतो.

न्यायाधिकरणाचा निकालही विरोधात गेला तर 2023 मधील परशोत्तम दास प्रकरणातील निकालानुसार उच्च न्यायालयात रिट याचिकेचा मार्ग खुला आहे. मात्र देशभरातील खंडपीठांना रिक्त पदांनी वेळोवेळी ग्रासले आहे. त्यामुळे अभिलेख कार्यालयाच्या पातळीवरच प्रश्न सुटला तर उत्तम.

वसई-विरारच्या अर्जदारांसाठी वेगळी काळजी कोणती?

नाव आणि पत्ता. जुन्या इंग्रजी कागदांत वसईचा उल्लेख ‘बॅसीन’ असा असे. वसई रोड स्थानकाचे जुने नावही ‘बॅसीन रोड’ होते. जिल्हा ठाणे, तोही जुन्या स्पेलिंगचा. 2009 मध्ये वसई-विरार महापालिका झाली, 1 ऑगस्ट 2014 ला पालघर जिल्हा वेगळा झाला. त्यामुळे डिस्चार्ज बुकवरचा पत्ता आणि आधार कार्डावरचा पत्ता यांत गाव सोडून काहीच जुळत नाही, असे घडते. घर तेच, माणूस तोच, पण संगणकासाठी दोन वेगळे पत्ते.

आडनावांचेही तसेच. वसईच्या ख्रिस्ती घरांत डिसोजा हे आडनाव इंग्रजीत कुणी वरच्या स्वल्पविरामासह लिहितो, कुणी त्याशिवाय. लोपीसच्या शेवटी कुणाचे ‘एस’, कुणाचे ‘झेड’. एका अक्षराच्या फरकाने माहिती अधिकाराचा अर्ज ‘अशा नावाची व्यक्ती आढळत नाही’ म्हणून परत येऊ शकतो. त्यामुळे अर्जात सर्वांत वर सेवा क्रमांक लिहावा आणि नाव भरतीच्या वेळी जसे लिहिले होते तसेच द्यावे. आजचे नाव वेगळे असेल तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र सोबत जोडावे.

नोंद बदलणे खरेच इतके कठीण असते का?

हुद्दा कितीही मोठा असला तरी कागद सहज हलत नाही, याचे उदाहरण खुद्द लष्करप्रमुखांचे आहे. जनरल व्ही. के. सिंह यांचे जन्मवर्ष लष्कराच्या एका शाखेत 1951 आणि दुसऱ्या शाखेत 1950 असे नोंदलेले होते. शालेय प्रमाणपत्र एक सांगत होते, प्रबोधिनीच्या प्रवेशाचा अर्ज दुसरे. सरकारने डिसेंबर 2011 मध्ये त्यांची तक्रार फेटाळली. जानेवारी 2012 मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 10 फेब्रुवारीला त्यांनी याचिका मागे घेतली. मेअखेरीस ते 1950 हेच जन्मवर्ष धरून निवृत्त झाले. किशोरवयात भरलेल्या एका अर्जावरची तारीख चार दशकांनी लष्करप्रमुखांनाही बदलता आली नाही.

कायदा दर वेळी कोऱ्या कागदाकडे एकाच नजरेने पाहत नाही. अपंगत्व पेन्शनच्या धरमवीर सिंग प्रकरणात 2013 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, भरतीच्या वेळी आजाराची नोंद नसेल तर जवान तेव्हा निरोगी होता असे धरावे. तिथे नोंद नसण्याचा फायदा जवानाला मिळतो. बिल्ल्याच्या बाबतीत उलटे आहे. नोंद नसणे जवानाच्या विरोधात जाते.

बिल्ल्याने पेन्शन वाढत नाही, मग आटापिटा कशासाठी?

बिल्ल्याची ओळ चढली म्हणून पेन्शन आपोआप वाढत नाही, हे खरे. पण उड्डाणाच्या कामाची अधिकृत नोंद इतर ठिकाणी उपयोगी पडू शकते. हेलिकॉप्टरच्या आवाजात वर्षे काढलेल्या माणसाचे कान पुढे दगा देऊ लागले, तर तो खरोखर त्या कामावर होता हे दाखवणारा कागद महत्त्वाचा ठरतो. दुसरे म्हणजे, सैनिक नसताना सैनिक असल्याचे भासवण्यासाठी गणवेश किंवा चिन्ह वापरणे हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 168 नुसार गुन्हा आहे. तोतयांच्या बातम्या वाचून लोक संशयाने पाहू लागतात, तेव्हा खऱ्या माणसालाही पुरावा दाखवावा लागतो.

आणि काही अर्जदारांना यातले काहीच नको असते. त्यांना एवढेच हवे असते की आपल्या माघारी नातवंडांनी डिस्चार्ज बुक उघडले, तर भिंतीवरच्या फोटोतले पंख त्या पानावरही सापडावेत. सरकारला त्यासाठी एक रुपयाही द्यावा लागत नाही, लागते ती एक ओळ आणि एक सही. अर्जदाराला मात्र त्या ओळीसाठी वेळेत कागद दाखवावा लागतो. म्हणून जे आज सेवेत आहेत त्यांनी निवृत्तीच्या दिवशी डिस्चार्ज बुक हातात पडताच, घरची गाडी पकडण्याआधी, त्याचे प्रत्येक पान वाचावे. युनिटमध्ये असताना ही दुरुस्ती एका अर्जावर होऊ शकते. तीच पंचवीस वर्षांनी विरारहून करायची म्हटली तर अनेकदा अर्जदार असतो, कागद नसतो.